चाखणाऱ्याची जीभ

संमतीपत्रावर टेकवलेलं पेन त्यांनी पुन्हा उचललं आणि डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

"सही करतो. पण तुमची ही इवलीइवली यंत्रं जिभेकडे फिरकणार नाहीत ना?"

शेजारी बसलेली लेक कानकोंडी झाली. "बाबा, गाठ यकृतात आहे. इथे जिवाशी गाठ आणि तुम्हाला जिभेची पडलीय!"

"तीस वर्षं घर या जिभेवरच चाललंय."

त्यात खोटं काही नव्हतं. चहाच्या कंपनीत ते चाखणारे होते. पत्तीचा दर्जा त्यांच्या एका फुरक्यावर ठरे. कोणत्या पेटीला ओल लागलीय, कोणती पत्ती भट्टीत जास्त राहिलीय, हे ते डोळे मिटून सांगत. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गाठ निघाली, तेव्हाच्या औषधाने ती विरली खरी, पण ते औषध अंगभर फिरलं. केस गेले त्याचं त्यांना काही वाटलं नाही. चहा मात्र नुसत्या गरम पाण्यासारखा लागू लागला. आठ महिने ते कुणाशी धड बोलले नाहीत. जीभ कशीबशी ताळ्यावर येते न येते तोच गाठ परतली. पुन्हा तेच औषध म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. "उरले तेवढे दिवस चव घेत जगतो," म्हणाले. लेकीने आठवडाभर अबोला धरला आणि मग कुठूनकुठून चौकशा करून हा दवाखाना शोधून काढला.

डॉक्टरबाईंनी काचेची कुपी टेबलावर ठेवली. तळाशी राखेसारखी करडी चिमूटभर पूड होती.

"यातला एकेक कण म्हणजे एक यंत्र. पोटात औषध भरलेलं. चुंबकाच्या ओढीने आम्ही त्यांना गाठीपर्यंत नेतो, तिथेच ती विरघळतात. बाकीच्या अंगाला औषधाची झळ फारशी लागत नाही. जिभेची हमी मात्र मी देणार नाही. उपचार नवा आहे."

"आणि रस्ता कोण दाखवणार?"

"संगणक. तुमच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा त्याने अभ्यासून ठेवलाय. दर फाट्यावर तो वाट सुचवतो, मी हो म्हणते."

"म्हणजे आमच्या घरासारखंच. लेक ठरवते, मी मान डोलवतो."

लेकीला हसू फुटलं. सही झाली.

दोन दिवसांनी ते टेबलावर जागेच पडून होते. मांडीपाशी बधिर केलेल्या जागेतून बारीक नळी आत गेली होती आणि समोरच्या पडद्यावर एक करडा ठिपका मुंगीच्या चालीने सरकत होता. एका फाट्यावर तो थबकला.

"काय झालं हो?"

"इथली वाहिनी नकाशापेक्षा आक्रसलीय. रेटलं तर औषध भलतीकडे जाईल, म्हणून यंत्रणेनेच थांबवलंय. दुसरी वाट शोधतेय ती. तुम्ही श्वास रोखा, मी सांगेपर्यंत."

त्यांनी श्वास रोखला. काचेपलीकडे लेकीनेही रोखला असावा. तिचे खांदे वर उचललेले त्यांना दिसले. पडद्यावर डाव्या बाजूला एक हिरवी रेघ उमटली. डॉक्टरबाईंनी ती दोनदा निरखली, बटण दाबलं, आणि ठिपका वळला.

"सोडा श्वास. पोचली सगळी."

तीन आठवड्यांनी तपासणीत गाठ निम्म्याने आटलेली दिसली. आणखी एक फेरी लागणार होती, पण डॉक्टरबाई खुशीत होत्या. चव गेली असेल या भीतीपोटी एवढे दिवस त्यांनी चहाला स्पर्शही केला नव्हता. त्या दुपारी मात्र ते थेट चाखण्याच्या खोलीत गेले. लेकही तिथेच चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम करत होती. तिने बारा पांढऱ्या कपांची रांग मांडली.

एरवी ती त्यांच्यामागून चाखत येई. आज तीच पुढे झाली आणि भराभर गुण लिहीत गेली. त्यांनी चमचा उचलला, जोरात फुरका मारला आणि डोळे मिटले. आधी तुरटपणा आला, मग वाळल्या गवताचा वास, आणि अगदी शेवटी घशाशी हलकीशी गोडी. सगळं जिथल्या तिथे होतं! पुढचे फुरके त्यांनी असे ओढले की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला.

मग दोघांनी कागद शेजारी ठेवले. अकरा कपांचे गुण जुळले. सातव्याला त्यांनी दहापैकी आठ दिले होते, तिने तीन. पुढे लिहिलं होतं: धुरकट.

"सातव्यात धूर? काहीतरीच काय."

ती गोरीमोरी झाली. "माझंच चुकलं असेल. खोडते."

"थांब."

त्यांनी सातवा कप पुन्हा चाखला. काही नाही. तिसऱ्या खेपेला चहा थुंकून ते नुसतेच उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने टाळूच्या मागे धुराचा एक बारीक धागा लागला.

"हे असं तुला आधीही लागायचं?"

"कधीकधी."

"मग लिहीत का नव्हतीस?"

"तुमचा कागद बघून लिहायचे." ती कपाची कड पुसत राहिली. "आज म्हटलं, तुमची जीभ साथ देते की नाही कोण जाणे. म्हणून आधीच लिहून टाकलं."

त्यांनी आपले आठ खोडून तीन केले. ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ पाहत होतं, ते त्यांनी येऊ दिलं.

"मांड पुढची रांग," असं म्हणत त्यांनी किटली उचलली आणि ते तिच्यामागे जाऊन उभे राहिले.