अंतरा न येणारा माणूस

तुम्ही माझा कोपरा काढून घेतलात. कायद्याने घेतलात, शिक्का मारून घेतलात, पण घेतलात. तेव्हा ‘रस्त्यावरील वादनाचा दर्जा’ वगैरे शब्द माझ्या तोंडावर मारू नका. दर्जा सांभाळायचाच होता तर तुमच्या नगरपालिकेच्या कचेरीतल्या चहापासून सुरुवात करायची होती.

मी फिनबार क्वर्क. अकॉर्डियन वाजवतो. निदान तुमच्या परीक्षेपर्यंत तरी माझा तसा समज होता.

बेकरीशेजारचा तो कोपरा मी उगाच निवडला नव्हता. तिथे रस्ता अरुंद होतो आणि जरा चढतो, म्हणून माणूस हळू चालतो. मागे दगडी भिंत आहे, आवाज फुकटात दुप्पट होतो. आणि बेकरीतून बाहेर पडणाऱ्याच्या एका हातात पाव असतो, दुसऱ्यात अजून खिशात न गेलेले सुटे पैसे. पुढच्या बँकेसमोर उभे राहतात ती गाढवं. तिथून निघणारा माणूस नुकताच आपली शिल्लक बघून आलेला असतो, त्याच्याकडून औदार्य कसलं मागता?

टोपी रिकामी ठेवू नये आणि भरूही देऊ नये. रिकामी दिसली तर लोकांना वाटतं हा भिकार वाजवतो, भरलेली दिसली तर वाटतं ह्याचं भागलंय. डोळे मिटून तल्लीन होऊ नये. तल्लीन माणसाला पैसे देताना लोकांना त्याची समाधी मोडल्यासारखं वाटतं. मूल थांबलं तर त्याच्याकडे बघून हसावं, आईकडे नाही. मूल थांबलं की आईचे पाय आपोआप थांबतात.

आणि सगळ्यात मोठी युक्ती, जी शोधून काढल्याचा मला फार माज होता: धून संपवायची नाही. धून संपली की माणूस सुटतो. खिशात गेलेला हात रिकामा बाहेर येतो, दोन टाळ्या वाजवतो आणि निघून जातो. टाळ्यांवर बटाटेसुद्धा शिजत नाहीत. म्हणून मुखडा, परत मुखडा, मग दुसऱ्या धुनेचा मुखडा. चालत्या माणसाच्या वाट्याला दहा-बारा पावलांचं संगीत येतं. त्यात अंतरा घालणं म्हणजे पोस्टाच्या तिकिटावर आत्मचरित्र लिहिणं. मी अंतरे सोडून दिले. मग विसरलो. काही तर शिकलोच नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग ह्या वसंतात तुम्ही परवानापत्राचा नियम काढलात: समितीपुढे वाजवा, पास व्हा, तरच रस्त्यावर उभे राहा.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर असम्प्टा गेराटी माझ्या शेजारी बसली होती. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर फिडल, म्हणजे व्हायोलिन, शिकलेली बाई. माझ्या मुलीला पाढे हिनेच शिकवले, म्हणून मीही तिला ‘बाई’च म्हणतो.

“घाबरलायस का रे फिनबार?”

“मी? बाई, मी गारांत वाजवलंय. सामना हरून आलेल्या जमावापुढे वाजवलंय. आत तर तीनच माणसं आहेत, तीही खुर्च्यांवर. पळूनसुद्धा जाणार नाहीत.”

“हो ना,” बाई म्हणाल्या, “पळून जाणार नाहीत, एवढंच लक्षात ठेव.”

मी नाही ठेवलं.

आत तुम्ही तिघे. मधला लाल मफलरवाला. मी ‘विधवेचा खेकडा’ ही धून सुरू केली. झकास मुखडा आहे, मेलेल्याचाही पाय हलेल. चारदा वाजवला. समोरची माणसं जागची हलेनात. अशी वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. घाबरून ‘ओलं सरपण’च्या मुखड्यात शिरलो, तिथून तिसऱ्याच्या. मफलरवाला म्हणाला, “धन्यवाद.” मी सवयीने मान लववली, “देव भलं करो साहेब” म्हटलं आणि वाजवत राहिलो. तो परत म्हणाला, “धन्यवाद!” मी परत देवाला कामाला लावलं.

“मिस्टर क्वर्क, ही धून संपते का?”

“रस्त्यावर नाही संपत, साहेब.”

“मग पुढचा अंतरा?”

“तोवर लोक बँकेपाशी पोचलेले असतात.”

तुमच्यातली चष्मेवाली हसली. मलाही वाटलं, जिंकलो. निकाल आला: वादन अपूर्ण, परवानापत्र नामंजूर. आणि माझा कोपरा बाईंना.

पहिल्या दिवशी भांडायलाच गेलो. बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून, धून अथपासून इतिपर्यंत वाजवत होत्या. काय वाजवत होत्या! शेवटचा सूर देऊन त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर मी आणि एक कबुतर.

“बघ काय मिळालंय,” त्यांनी टोपी दाखवली. “एक बटण.”

“कोटाचं आहे. कोटाचं म्हणजे मान दिला तुम्हाला. मला शर्टाची मिळायची.”

“चावटपणा पुरे. तुझा कोपरा मी मागितला नव्हता, त्यांनी दिला. घरी ये. तू मला पैसे कसे मिळवायचे ते शिकव, मी तुला अंतरे शिकवते.”

“ह्या वयात?”

“तुझ्यापेक्षा ढ पोरं सांभाळलीयत मी. थोडीच, पण होती.”

तर मी बाईंच्या स्वयंपाकघरात बसून अंतरे शिकलो. चुकलं की त्या फिडलच्या गजाने टेबलावर टकटक करायच्या. ‘विधवेचा खेकडा’चा अंतरा पहिल्यांदा माझ्या बोटांतून आला तेव्हा मी थांबलो. मुखड्यापेक्षा तो चांगला होता, हरामखोर. उड्या मारणारी ती धून पुढे अशी खाली उतरते, की वाटतं कुणीतरी दिवसभर हसवून आता खरं काय ते सांगतंय. इतकी वर्षं मी लोकांना मिठाईचा नुसता डबा वाजवून दाखवत होतो. स्वतःही उघडून पाहिला नव्हता.

“रडतोयस का?” बाईंनी विचारलं.

“कांदा.”

“कांदा फडताळात आहे.”

आता गेल्या शुक्रवारचं ऐका. बाई चहा आणायला बेकरीत गेल्या आणि मी परवानापत्र नसताना माझ्याच कोपऱ्यावर वाजवलं. हो, बेकायदा. लिहून घ्या. तेवढ्यात बेकरीतून लाल मफलर बाहेर आला. हातात पाव, दुसऱ्या हातात सुटे पैसे. मी म्हटलं, आता हा मला पकडणार. पकडू दे, आधी अंतरा ऐकवतो.

मुखडा चालू असतानाच त्याने टोपीत नाणं टाकलं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “वा, छान!” ओळखलं नाही. ज्याला स्वतः नापास केलं त्याला ओळखलं नाही! आणि मी, जन्माचा लाचार, काय म्हणालो? “देव भलं करो साहेब.” मग मी अंतरा वाजवला, आयुष्यातला सगळ्यात चांगला. शेवटपर्यंत वाजवला, संपवला आणि मान वर केली.

साहेब बँकेपाशी पोचले होते.

तेव्हा आता उत्तर द्या. माझी फेरपरीक्षा कधी आहे? ती त्याच कोपऱ्यावर घ्या. खुर्च्या आणू नका, उभे राहा. आणि मफलरवाल्या साहेबांना वेगळं विचारतो: मला अंतरा येत नाही म्हणून तुम्ही माझी भाकरी काढून घेतलीत. शुक्रवारी तो तुमच्या पाठीमागे वाजत होता. तुम्हाला तो येतो का? नुसता गुणगुणून दाखवा. जमत नसेल तर लेखी कळवा, माझा कोपरा मला कधी परत मिळतोय. नाणं मी ठेवून घेतलंय.