तोंडपाठ माप

दुकानात त्याला सगळे 'मोजपट्टी' म्हणायचे. मालक म्हणायचे, बरोबरचे सेल्समन म्हणायचे, आणि जुनी गिऱ्हाइकं तर दारातूनच विचारायची, मोजपट्टी आहेत का आज, नाहीतर उद्या येतो. एकतीस वर्षं त्याने त्या दुकानात गुडघ्यांवर बसून लोकांचे पाय मोजले होते. तोंडाने सांगितलेल्या नंबरावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. बायका एक नंबर कमी सांगतात, पुरुष एक जास्त, आणि साहेब लोक कॉलेजातला सांगतात, असं त्याचं मत. तो नंबर विचारायचा, पण आपली करमणूक म्हणून. मग कोपऱ्यातली लोखंडी पाटी पुढ्यात ओढायचा, टाच मागच्या कडेला टेकवायचा, सरकती पट्टी अंगठ्याला आणून भिडवायचा आणि खरा आकडा वाचून दाखवायचा. माणूस जरा खट्टू व्हायचा, पण बूट पायात गेला की गप्प बसायचा.

धावायच्या बुटांच्या बाबतीत तर तो कोणाचंच ऐकायचा नाही. सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला चक्क परत पाठवायचा. संध्याकाळी या, दिवसभरात पाय सुजतो, धावताना आणखी सुजतो, सकाळच्या पायाला बूट घेऊन काय करणार? मालक कपाळाला हात लावून बसायचे. संध्याकाळी आलेल्याचा ओला पाय तो वर्तमानपत्रावर उमटवून घ्यायचा, जुने बूट उलटे करून त्यांचे तळ कुठे झिजलेत ते बघायचा, दोन्ही पाय मोजायचा, कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा थोरला असतोच. बोटांच्या पुढे त्याचा स्वतःचा अंगठा आडवा मावला पाहिजे, नाहीतर बूट डब्यात परत. आणि शेवटी नाडी बांधता बांधता ठरलेलं वाक्य: पाय वयाबरोबर पसरतो, दर दोन वर्षांनी मोजून घेत जा, जुन्या नंबरावर जाऊ नका.

एवढं ज्ञान पाजळणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोचा पाय आयुष्यात एकदाच मोजला होता. तोही लग्नाआधी.

ती थोरल्या बहिणीबरोबर दुकानात आली होती. बूट बहिणीला हवे होते. बहीण आरशात पाय न्याहाळत असताना त्याने हिच्यापुढे पाटी सरकवली आणि म्हणाला, आता आलाच आहात तर तुमचाही मोजून ठेवतो. पाच आला. नेमका पाच, रेघभर कमी नाही की जास्त नाही. पुढच्या महिन्यात ती एकटीच आली, काहीतरी बदलून घ्यायच्या निमित्ताने, आणि त्याने न विचारता पाच नंबरचा जोड काढून पुढ्यात ठेवला. तिथेच सगळं जमलं. घरात चार माणसं जमली की ही गोष्ट निघायचीच. मेव्हणा मुद्दाम विचारायचा, दाजी, ताईचा नंबर? आणि हा छाती काढून सांगायचा, पाच, तोंडपाठ आहे. ती पन्नाशीतही लाजायची. तिच्या चपला, सँडल, घरातल्या सपाता, सगळं तोच आणायचा, नंबर पाच. अलीकडे बोटं पुढून जरा बाहेर डोकवायची, पण चपलेत तेवढं खपून जातं.

नऊ वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून ती बागेत जाऊ लागली. तिथे तिला बायकांचा एक घोळका भेटला, आणि तो घोळका चालता चालता धावायला कधी लागला हे कोणालाच कळलं नाही. त्यांच्या म्होरक्या होत्या एक निवृत्त पीटीच्या बाई. एक दिवस ती बागेची पूर्ण फेरी न थांबता धावून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला ते सांगू लागली. तोंड लालबुंद, धाप लागलेली, आणि हसू काही आवरत नव्हतं. तिचा असा चेहरा त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तीन महिन्यांनी गावात मोठी शर्यत होती. त्रेपन्नाव्या वर्षी तिने त्यात नाव घातलं.

जुन्या कापडी बुटांवर धावायचं नाही, अशी बाईंनी तंबी दिली होती. नीट पाय मोजून बूट घ्यायचे. त्यावर बाकीच्या बायका म्हणाल्या होत्या, हिला काय काळजी, हिचे मिस्टरच मोजपट्टी. संध्याकाळी तिने त्याला विचारलं, "मी येऊ का उद्या दुकानात?"

"तुला कशाला यायला हवं?" तो म्हणाला. "तुझं माप मी झोपेतही सांगेन."

खरं कारण निराळंच होतं. ती दुकानात आली असती तर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसावं लागलं असतं, आणि बरोबरच्यांना चिडवायला आयता विषय मिळाला असता. दिवसाला तीस-चाळीस परक्या पायांपुढे बसताना त्याला काही वाटायचं नाही. चारचौघांत बायकोपुढे बसायची मात्र त्याला लाज वाटली. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीपायी माणसाचा पाय जातो असं त्याला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातला सगळ्यात चांगला जोड आणला. जाड टाचेचा, हलका, मोरपंखी रंगाचा. नंबर पाच. तिने खाटेवर बसून बूट चढवले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, जागच्या जागी चार उड्या मारल्या.

"टोचतंय का कुठे?" त्याने सवयीने विचारलं.

"छे हो. पायात काही घातलंय असं वाटतच नाही."

बूट विकणाऱ्याच्या कानांना याहून गोड काय असणार? हे वाक्य त्याने दुसऱ्या दिवशी दुकानात दोघा-तिघांना ऐकवलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या टाचेत टाचणी रुतलेली सापडली होती, सकाळपासून ती तशीच घरभर वावरत होती, हे त्याला तेव्हा आठवलं नाही. कातडी किती निबर झालीय बघा, असं म्हणून ती त्या वेळी हसली होती, आणि तोही तिच्याबरोबर हसला होता.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. लांब धावणाऱ्यांचं पडतंच, असं बागेत सगळ्यांनी सांगितलं, आणि ती ते नख बक्षीस मिळाल्यासारखं शेजारणीला दाखवून आली. दुखत नव्हतंच. मग घरात वास येऊ लागला. बुटांचे वास त्याला काही नवे नव्हते. त्याने बूट गॅलरीत उन्हात ठेवले, आत पावडर मारली आणि मोजे रोज धूत जा म्हणून वर तिलाच दोन शब्द सुनावले. तिने निमूटपणे मोजे धुतले. चार दिवसांनी ती तापाने फणफणली. त्याने तिचा मोजा काढायला घेतला, तर तो करंगळीपाशी निघेचना. निघाला तेव्हा करंगळी काळी पडलेली दिसली, आणि त्याने तिला तशीच रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात आधी दोन बोटं काढली. आठ दिवसांनी गुडघ्याखालून पाय.

डॉक्टरांनी त्याला बाहेर व्हरांड्यात बोलावून समजावलं. शुगरमुळे तिच्या पायांची जाणीव केव्हाच गेली होती, बूट चावत होता हे तिला कळायला मार्गच नव्हता. "बूट चांगला एक-दीड नंबरने लहान असणार," डॉक्टर म्हणाले. "त्यांना कळलं नाही, ठीक आहे. विकणाऱ्याला कळायला नको? कुठून घेतले होते?"

"बाजारातून," तो म्हणाला.

आता राहिलेला पाय जपा, डॉक्टर म्हणाले. मोजून, बरोबर मापाचा बूट घ्या, दुसरा पायही गेला तर ती कायमची अंथरुणाला खिळेल.

त्या दिवशी घरी येऊन त्याने गॅलरीतला उजवा बूट उचलला आणि आतला पातळ तळ उपसून काढला. गिऱ्हाइकांना तो हे नेहमी करून दाखवायचा, तळ बाहेर काढा, त्यावर उभे राहा, बोटं बाहेर जातात का बघा. त्या तळावर तिच्या पायाचा ठसा उमटला होता. टाच जागेवर होती. अंगठ्याचा खळगा मात्र कडेवरून अर्धा बाहेर गेला होता, आणि करंगळीच्या जागी नुसता काळपट डाग होता. दुकानात कोणी असा तळ दाखवला असता तर त्याने त्या विकणाऱ्याची सालटी काढली असती. तो गॅलरीतच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मग त्याने ठरवलं, तिला सांगायचं. चूक माझी आहे, तुझा पाय मी घालवला, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याशिवाय तिच्यापुढे पुन्हा उभं राहता येणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

मालकांना विचारून त्याने दुकानातली लोखंडी पाटी कापडी पिशवीत घातली. बरोबरचे सेल्समन बघत होते. कोणी चिडवलं नाही.

हॉस्पिटलात पोचला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. पाय मोजायची त्याची आवडती वेळ. ती उशीला टेकून बसली होती, चादर एका बाजूला सपाट. त्याने पिशवीतून पाटी काढली तशी ती जरा हसली.

"ही अजून आहे?" ती म्हणाली. "तीच ना?"

"तीच."

तो फरशीवर गुडघे टेकून बसला. तिचा डावा पाय त्याने दोन्ही हातांनी खाली घेतला, पाटीवर ठेवला, टाच मागे टेकवली. पाय थंडगार होता. एवढी वर्षं एका छपराखाली काढून हा पाय इतका रुंद कधी झाला, बोटं अशी कधी फाकली, त्याला पत्ताच नव्हता. त्याने पट्टी पुढे आणली. पाचाची रेघ अंगठ्याखाली कुठल्या कुठे झाकून गेली होती. सहाचीही. पट्टी साडेसहावर थांबली. त्याने ती मागे घेऊन पुन्हा लावली. साडेसहा.

"डॉक्टर म्हणत होते, बूट लहान पडला असणार," वरून तिचा आवाज आला. "मी म्हटलं, शक्यच नाही. तुम्हाला माहीत नाही माझे मिस्टर कोण आहेत." चष्मा नसल्यामुळे तिला खालचा आकडा दिसत नव्हता. "किती आला हो?"

सांगायचं ते सगळं त्याच्या ओठांवर होतं. येताना रस्ताभर त्याने ते मनाशी घोकलं होतं. त्याने मान वर केली. ती त्याच्याकडे बघत होती, अगदी तशीच, मेव्हण्याने नंबर विचारल्यावर बघायची तशी.

"पाच," तो म्हणाला.

तिने चादरीची सपाट बाजू हाताने सारखी केली.

"म्हणजे बूट बरोबरच होता," ती म्हणाली. "माझंच चुकलं. या वयात धावायचं खूळ डोक्यात घ्यायला नको होतं मी. माझ्या हौसेपायी तुम्हाला उगाच हे सगळं निस्तरावं लागतंय."

नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण आता खरं सांगायचं तर एक नाही, दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, आणि त्यातली एकही सांगायचं बळ त्याच्यात नव्हतं. त्याने पाटी उलटी करून पिशवीत घातली. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, असं मनाला लावून घेऊ नका.

महिनाभराने ती घरी आली. बागेतल्या बायका दोनदा भेटायला आल्या, पण तिनेच त्यांना सांगितलं की आता धावण्याचं नाव माझ्यापुढे काढू नका. त्या गेल्या, आणि मग आल्या नाहीत.

त्याने नवा जोड आणला. रुंद, मऊ, आत शिवण नसलेला, नंबर साडेसहा. बुटाच्या जिभेवर आतून नंबराची चिठ्ठी शिवलेली असते, ती त्याने दुकानातच ब्लेडने उसवून काढली, आणि तळाला कोरलेला आकडा घासून टाकला. डब्यातून डावा तेवढा बाहेर काढला, उजवा तसाच आत ठेवला. घरात तो तिच्यापुढे बसला, मोजा चढवला, बूट चढवला, नाडी बांधली. बोटांच्या पुढे त्याचा अंगठा आडवा टेकवून बघितला. बरोबर मावला.

ती खाली वाकून त्या बुटाकडे बराच वेळ बघत राहिली. पायातलं तिला स्वतःला काहीच कळत नव्हतं, आणि आता ते तिला ठाऊक झालं होतं.

"अहो," तिने विचारलं, "टोचतंय का कुठे?"

"नाही," तो म्हणाला.

"मग झालं," ती म्हणाली. तिचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता.