बोटीवर न आलेला बेलिफ

शेवटी मी स्वतःच्या तोंडाने बेलिफाला घरात बोलावलं. "या ना, आत या, किटली ठेवलीये," इतक्या स्पष्ट शब्दांत.

असं काही घडलेलं नाही. मी तसं म्हणाले नाही, त्यांनी ते ऐकलं नाही, आणि माझ्या स्वयंपाकघरात पियानोवर कोपर टेकवून चहा पीत बसलेले एन्टविसल साहेब त्या वेळी बाहेर पायवाटेवरून चालत होते. पुढचं सगळं एवढं लक्षात ठेवून वाचावं.

माझं घर म्हणजे एक लांबट, अरुंद बोट. ती बाबांची. बाबा गेल्यावर मी शहरातली भाड्याची खोली सोडली आणि बोटीवर राहायला आले. सामान बाबांच्या जुन्या गाडीतून आणलं. टपावर गादी बांधली होती, ती दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती, त्यामुळे मला रस्त्याचा फक्त मधला भाग दिसत होता. तो मधला भाग बसगाड्यांसाठी राखीव निघाला. दंड झाला. दंडाचं पत्र जुन्या खोलीवर गेलं, कारण गाडीच्या कागदावर पत्ता तोच होता. बदलायचा राहिला. शिवाय बदलून लिहायचं काय? कालव्याचा नियम असा की कायमचा धक्का भाड्याने घेतला नसेल, तर दर पंधरवड्याला बोट हलवायची. मी घर बदललं हे खरं, पण त्यानंतर घरानेही बदलत राहायचं ठरवलं होतं.

जुन्या खोलीतला नवा भाडेकरू सज्जन निघाला. प्रत्येक पत्रावर 'इथे राहत नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहून तो ते परत पाठवत राहिला. दंड वाढत गेला. मला काहीच कळलं नाही. मी बदकं बघत होते.

गारग्रेव गावाच्या पुढे, एका धुकट सकाळी, सुकाणूचा दांडा काखेत धरून मी जात असताना धुक्यातून आधी बुटांचा आवाज आला, मग बूट आले, मग त्यांच्यावर एक उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस आला. काळं जॅकेट, जॅकेटच्या छातीवर छोटा कॅमेरा. तो पायवाटेवरून बोटीच्या शेजारी चालू लागला.

"मिस हॅसलम ना?"

"कोण विचारतंय?"

"एन्टविसल. बेलिफ. दंडाच्या वसुलीला आलोय. जरा थांबता का?"

"थांबता येत नाही. इथली माझी मुदत संपलीये. नियम आहे."

'नियम' ऐकून त्यांनी मान तुकवली. "नियम असेल तर चालू द्या."

बोट माणसाच्या चालीपेक्षा किंचित हळू जाते. त्यामुळे बिचाऱ्यांना मुद्दाम रेंगाळावं लागत होतं. पाठलाग करताना आपण पुढे निघून जाऊ नये म्हणून जपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मधूनच ते एखाद्या फुलापाशी थांबत, मला पुढे जाऊ देत, आणि दोन ढांगांत परत गाठत. चालता चालता त्यांनी सगळा हिशेब वाचून दाखवला. मूळ दंड सत्तर पौंड. बाकी पाचशेच्या वरची रक्कम त्या सत्तर पौंडांना एकटं वाटू नये म्हणून जमलेली.

"माझ्याकडे एवढे नाहीत," मी म्हणाले.

"ते कुणाकडेच नसतात. सामान काय आहे?"

"बोट."

"बोट राहतं घर आहे, तिला हात लावता येत नाही. गादी, शेगडी, किटली यांनाही नाही. आम्ही काही राक्षस नाही."

"मग फक्त पियानो उरला," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

धुक्यात त्यांचे बूट थांबले, मग पुन्हा चालू लागले. "पियानो कुणाचा?"

"बाबांचा."

"ते कुठे असतात?"

"गेले. दोन वर्षं झाली."

"वाईट झालं," ते म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाईट वाटलं. मग हलकेच, जखमेवरची पट्टी काढावी तसं म्हणाले, "म्हणजे तुमचा."

"तो बाहेर निघत नाही. बाबांनी आधी पियानो ठेवला आणि मग वर छप्पर जोडलं."

"छप्पर कापणारी माणसं आहेत आमच्याकडे. चांगली आहेत. हळू कापतात."

बाबांना पियानो वाजवता येत नव्हता. शिकायची इच्छाही नव्हती. पण शेजारून दुसरी बोट गेली की पाणी हलतं, आमची बोट डुलते, आणि आतल्या तारा आपोआप गुणगुणतात. बाबा म्हणायचे, शिकलो असतो तर एखाद-दुसरं गाणं वाजवलं असतं. आता कालव्यावरची प्रत्येक बोट माझ्यासाठी वाजवून जाते. बाबांचा आवाज मला हल्ली नीट आठवत नाही. आठवायला गेलं की माझाच आवाज जाड होऊन ऐकू येतो. ती गुणगुण मात्र आठवावी लागत नाही. ती येते. दिवसातून तीन-चारदा, रविवारी जास्त.

म्हणून मी ठरवलं, हा माणूस आत येता कामा नये. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: बेलिफ पहिल्या खेपेला दार फोडत नाही, ढकलून आत शिरत नाही. तुम्ही आत घ्यावं लागतं. भुतांचा आणि त्यांचा कायदा एकच. एकदा आत घेतलंत की दिसेल ते लिहून घेतात, आणि लिहिलं की ते त्यांचं.

"मी तुम्हाला आत घेणार नाहीये," मी सांगून टाकलं.

"नका घेऊ. मी काही मागितलंय का?"

"मग चालताय कशाला?"

"माणसं बोलावतात. केव्हा ना केव्हा बोलावतात. माझा अनुभव आहे, पोरी."

मग लॉक आले. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट एका दगडी हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो, बोट वर येते, पुढचे दरवाजे ढकलून निघायचं. एकट्या माणसाला हे जड जातं, म्हणून कालव्यावर एक रीत आहे. पायवाटेवर जो असेल तो पुढे होऊन दरवाजा ढकलतो. तो धर्मगुरू असो, चोर असो, लग्नाला निघालेला नवरा असो. आणि ज्याने दरवाजा ढकलला त्याला चहा. ही रीत कुणी शिकवत नाही, ती हातात आपोआप असते.

पहिल्या लॉकला एन्टविसल साहेब नुसते उभे राहिले. मी एकटी ओणवी होऊन दरवाजाची तुळई ढकलत होते. त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग मेंढ्यांकडे. मेंढ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते आले आणि शेजारी पाठ लावली.

"याचा कामाशी काही संबंध नाही," ते म्हणाले.

"नाहीच," मी म्हणाले.

दुसऱ्या लॉकला ते माझ्या आधी पोचले. तिसऱ्याला त्यांनी लोखंडी हँडल माझ्या हातातून घेतलं आणि झडपा कशा उघडायच्या हे मलाच सांगायला लागले. एव्हाना ऊन वर आलं होतं. धुकं कुरणांवरून एकेक पदर काढत निघालं होतं, आणि खाली पाण्यात ढग इतके नीट मांडून ठेवलेले की बोट त्यांच्यावरून न्यायला संकोच वाटावा. त्यांना उकडायला लागलं. त्यांनी जॅकेट काढून बोटीच्या छपरावर टाकलं. कॅमेऱ्याचं तोंड पायवाटेकडे.

पुढच्या लॉकमध्ये पाणी भरत होतं. मी वर वर येत होते, ते काठावर तुळईला टेकून उभे होते. आमचे चेहरे समोरासमोर आले, आणि माझ्या तोंडून ते 'या ना, आत या' गेलं. मी ते बोलले नाही, रीत बोलली. आणि रीतीनेच त्यांचा पाय उचलला. ते बोटीवर आले, वाकून पायऱ्या उतरले, स्वयंपाकघरात पोचले, कप हातात घेतला, आणि मग आम्ही दोघं एकदमच पुतळे झालो.

पियानो त्यांच्या कोपराखाली होता.

"अरे देवा," एन्टविसल साहेब म्हणाले.

"आता बाहेर जा," मी वरून सुकाणूपाशी उभी राहून म्हणाले.

"चहा दिल्यावर जा म्हणता? असं कुणी म्हणतं का?"

"बरोबर आहे. सॉरी. पण तुम्ही बोलावल्याबरोबर आलात!"

"नको म्हणायचं होतं? दरवाजा ढकलल्यावर चहा नको म्हणायचं? माझ्या आईने मला असं वाढवलेलं नाही."

मी उतरून पुढचे दरवाजे ढकलले आणि बोट बाहेर काढली. त्यांनी पियानोकडे बघायचं टाळलं. स्वयंपाकघर चार हात रुंद आहे, त्यामुळे त्यांना छताकडे बघावं लागलं. शेवटी छताला उद्देशूनच ते म्हणाले, "मी आत आलो असेन, तर मला हा लिहून घ्यावा लागेल. मी खोटं लिहीत नाही. तेवीस वर्षांत लिहिलेलं नाही."

"आणि आला नसाल तर?"

"तर प्रश्नच नाही. न आलेला माणूस काय लिहिणार?"

मी सुकाणूवरून रिकाम्या पायवाटेकडे पाहिलं. "बाहेर कसं वाटतंय, साहेब?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "छान आहे हो. वारा सुटलाय थोडा."

"पायवाट चिखलाची आहे का?"

"मधून मधून." ते खुर्चीवर नीट सरकून बसले. "बिस्किटं असतील ना तुमच्याकडे, आत?"

"आहेत. डाव्या हाताच्या डब्यात. अर्थात तुम्हाला ती बाहेरून कशी मिळणार?"

"अवघडच आहे," ते म्हणाले आणि डबा उघडला.

अशी आमची वाटचाल सुरू झाली. मी सुकाणूवर, ते खाली, आणि बाजूच्या पायवाटेवर कुणीच नाही. त्या कुणीच-नाहीशी आम्ही दोघं गप्पा मारत होतो. झाडं हळूहळू मागे जात होती. एक बगळा आमच्याच वेगाने पुढे पुढे उडत, थांबत, पुन्हा उडत होता, त्यालाही काहीतरी वसूल करायचं असल्यासारखा. समोरून दुसरी बोट आली, गेली. पाणी हललं. आणि पियानो गुणगुणला.

एन्टविसल साहेबांनी कोपर उचललं आणि बिस्किट अर्ध्यावर थांबवलं. तारा थरथरत थरथरत गप्प झाल्या तरी ते तसेच बसले होते.

"ऐकू आलं का बाहेर?" मी विचारलं.

"आलं," ते म्हणाले. "बाहेर फारच स्पष्ट येतं." मग काही वेळाने, एखाद्या अनोळखी वाटसरूच्या आवाजात ते बोलू लागले. "आता मी बेलिफ म्हणून बोलत नाहीये. रस्त्यावरचा माणूस म्हणून बोलतोय. पत्रं मिळालीच नाहीत, घर बदललं होतं, असा शपथेवर अर्ज करता येतो. फोनवरूनही होतो. अर्ज पोचला की निकाल लागेपर्यंत बेलिफाला काहीही करता येत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी मी बेलिफ होतो ना, पोरी!"

"आणि पियानो?"

"अर्ज पोचण्याआधी बेलिफ आत आला असेल, तर पियानो गेला. नसेल, तर राहिला. इतकं साधं आहे."

पुढच्या पुलाखाली बोट बांधून मी फोनवर अर्ज भरला. 'घर कधी बदलले' या प्रश्नापुढे 'अजून बदलत आहे' असं लिहिलं. पत्त्याच्या रकान्यात पुलावर रंगवलेला त्याचा क्रमांक टाकला. पोच लगेच आली. खालून एन्टविसल साहेबांनी पायवाटेवरून माझं अभिनंदन केलं.

"चला तर," ते उठत म्हणाले. "निघतो मी." आणि पहिल्या पायरीवरच थबकले.

"काय झालं?"

"कॅमेरा."

जॅकेट छपरावर पसरलेलं होतं, कॅमेऱ्याचा लाल ठिपका काठाकडे डोळा लावून जागा होता. छपरावर आल्यापासून त्याने फक्त झुडपं, बदकं, मेंढ्या आणि, साहेब चढले तेव्हा, लॉकची दगडी भिंत पाहिली होती. आता त्यात बोटीवरून उतरणारा बेलिफ दिसला असता.

"बंद करा ना."

"बंद केल्याची नोंद होते. झाकला तर कारण लिहावं लागतं. उचलायला गेलो तर बोटीच्या बाजूने हात येईल. माझा हात ऑफिसात सगळे ओळखतात."

"तुम्ही बाहेर होतात, तर त्यात दिसला का नाहीत?"

"मी मागून चालत होतो."

"मग पुढच्या टोकाने उतरा, आणि चालत या."

"मागून चालणारा माणूस पुढून कसा येईल?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "जरा विचार करून बोलत जा."

"पलीकडच्या काठाने?"

आम्ही दोघांनी पलीकडे पाहिलं. तिथे पायवाट नव्हती. कुरणात एक बैल होता. तो आमच्याकडे बघत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

"बॅटरी कधी संपते याची?"

"कंपनीची आहे," एन्टविसल साहेब म्हणाले. "पगार संपतो. बॅटरी नाही."

ते पुन्हा खाली जाऊन बसले. मी दोर सोडला, कारण पुलाखाली जास्त वेळ थांबायला मनाई आहे. संध्याकाळचं ऊन पाण्यावर आडवं झालं होतं. त्यांनी न विचारता किटली ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "यावर एकच उपाय. रीतसर परवानगी. म्हणजे कॅमेऱ्यात दिसलो तरी हरकत नाही. लिहा, मी सांगतो. ही भाषा मला येते." मी सुकाणू काखेत धरलं आणि फोनवर टिपत गेले. शेजारून एक बोट गेली, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं, गुणगुण संपू दिली, आणि मगच पुढचं वाक्य सांगितलं.

प्रति,
मा. अधीक्षक, कालवा कार्यालय.

विषय: बोटीवर न चढलेल्या इसमास बोटीवरून उतरण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, श्री. क्लिफर्ड एन्टविसल, व्यवसाय बेलिफ, हे खाली सही करणाऱ्या अर्जदार ब्रायनी हॅसलम यांच्या बोटीवर आजरोजी चढलेले नाहीत. तथापि, न चढल्यामुळे त्यांना उतरता येत नसून त्यांची गैरसोय होत आहे. सबब, त्यांनी बोटीवर केव्हाही पाऊल ठेवल्याचे गृहीत न धरता, तसेच बोटीवरील पियानोच्या मालकीस कोणतीही बाधा न येता, त्यांना बोटीवरून एक वेळ उतरण्याची परवानगी द्यावी, आणि सदर परवानगी मिळेपर्यंत त्यांचा मुक्काम पायवाटेवर असल्याचे मानण्यात यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
ब्रायनी हॅसलम