आजोबांनी सांगायचं नाव

"माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं नसतं, ते पासपोर्टावर लिहिलेलं असतं," मन्सूर परकारांनी जाहीर केलं. पुढचं वाक्य याहून भारी होतं. पण तेवढ्यात मांडीवरच्या नातीनं त्यांची लुंगी भिजवली.

नात आठवड्याची. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, तिचा अकीका होता, म्हणजे नाव ठेवायचा सोहळा. नाव ठरलेलं होतं, आजीचंच: हजरा. त्यावर वाद नव्हता. वाद होता तो जन्मदाखल्याच्या अर्जात ते इंग्रजीत लिहायचं कसं यावर.

मुलगा जियाद गॅस कंपनीत इंजिनिअर. त्याला मधे एक 'आय' हवा होता. सून माहिराला सुरुवातीला दोन 'ए' आणि शेवटी 'एच'चं शेपूट, कारण ते दिसायला छान. आणि माहिराचे वडील, दोहातल्याच अल हिलाल भागात राहणारे व्याही जहूरभाई, सकाळपासून फोनवरून बजावत होते की, अरबांच्या मुलखात राहतो तर अरबांसारखं लिहा, शेवटचा 'ए' उडवा. नाव घेताना ते 'ह' घशाच्या इतक्या तळातून काढत की माहिरा फोन कानापासून वीतभर लांब धरायची.

मन्सूरभाईंचं म्हणणं एकच. आजीच्या पासपोर्टावर आहे तसं. ते हमद पोर्टवर एका शिपिंग एजंटाकडे कागदपत्रांचे क्लार्क. एका अक्षराच्या फरकानं कांद्यांचा अख्खा कंटेनर उन्हात कसा सडला, हे ते सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होते.

"अब्बा, ती पोरगी हाय. कांदे नाय," जियाद म्हणाला.

मन्सूरभाई उठले, बसले. लुंगी बदलून पँट चढवली. सरळ असलेला पडदा सरळ केला. खिडकीतून खाली आपली गाडी आहे ना ते पाहिलं. गाडी होती. तरी पुन्हा पाहिलं.

शेवटी जियादनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तोडगा काढला. "अब्बा, तुमी बोला. तुमी जसं बोलाल तसं मी लिहितो. खलास."

"बोला म्हंजे?"

"म्हंजे नाव घ्या. अम्मीचं."

मन्सूरभाई खोकले. मग पाणी प्यायले. मग ग्लास कुठे ठेवावा याचा विचार करत उभे राहिले.

त्यांच्या गावात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. हा नियम कोणी केला ते कोणाला ठाऊक नाही, आणि मोडलेला कोणी पाहिला नाही. घरात 'अगो'वर भागतं, बाहेर 'जियादची आई'वर. हजरा हे नाव मन्सूरभाईंनी संसारभर लिहिलं होतं. मनिऑर्डरींवर, व्हिसाच्या अर्जांवर, दवाखान्याच्या केसपेपरांवर, ते सुद्धा वळणदार अक्षरात. काउंटरवर कोणी बायकोचं नाव विचारलं की ते पासपोर्ट पुढे सरकवत. तोंडातून ते नाव एकदाही गेलं नव्हतं.

आणि आज तेच बाळाच्या कानात सांगायचं होतं. परकारांच्या घरी हा मान बापाच्या बापाचा. त्याला नाही जमलं तर आईच्या बापाचा. तिकडे अल हिलालला जहूरभाई शेरवानीला इस्त्री करवून घेत होते.

"जरा येतो," म्हणून मन्सूरभाई खाली उतरले आणि कॅफेटेरियासमोर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसले. काचा खाली केल्या. स्टिअरिंगकडे बघून तोंड उघडलं. 'ह' आला. पुढचं काही आलं नाही. दोहात कॅफेटेरियासमोर गाडीत माणूस बसला म्हणजे ऑर्डर, असा सरळ हिशेब असल्यामुळे आतल्या केरळी माणसानं खिडकीतून कडक, दुधाळ करक चहा दिला. मन्सूरभाई प्यायले. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा चहा आला. अशानं नाव काही बाहेर पडणार नाही, उलट आज रात्रीची झोप मात्र जाईल, हे त्यांना कळलं, तेव्हा ते वर आले.

हॉलमध्ये अत्तराचा घमघमाट होता. जहूरभाई पोचले होते. बाळ त्यांच्या हातात होतं आणि ते घसा साफ करत होते.

आजी तेवढ्या हॉलमध्ये नव्हत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी व्हिजिट व्हिसावर आल्यापासून त्या स्वयंपाकघरातच होत्या. त्यांचं नाव कसं लिहायचं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"द्या इकडं," मन्सूरभाई म्हणाले.

जहूरभाईंनी घसा अर्ध्यावर सोडला आणि बाळ दिलं. मन्सूरभाई वाकले. कानात सांगायच्या गोष्टीला जेवढा आवाज लागतो, त्याहून बराच मोठा आवाज निघाला.

"हजरा."

स्वयंपाकघरातला भाकऱ्या थापल्याचा आवाज थांबला.

आजी दारात आल्या. हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठानं भरलेले. ओढणी घसरली होती, ती त्यांनी मनगटानं डोक्यावर लोटली. सगळे बाळाकडे बघत होते. आजी मन्सूरभाईंकडे बघत होत्या आणि मन्सूरभाई फरशीकडे. जियादनं अम्मीचा पासपोर्ट पुढ्यात ओढला आणि त्यात बघून एकेक अक्षर टाइप केलं.

"ओ," आजी म्हणाल्या.



"हाक मारलीच हाय," त्या म्हणाल्या, "तर वरचा मोठा टोप तेवढा काढून द्या. माझा हात पोचत नाय."