मी, धाकटी आणि पुण्याला निघालेला ट्रक

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे, मित्रांनो. उंचीनं तुमच्या छातीएवढी, पोटानं गोल, आणि एका बाजूला पोचा. अगदी माझ्यासारखीच माझी एक बहीण आहे. तिला पोचा नाही, म्हणून ती स्वतःला फार देखणी समजते. आम्ही एकाच दिवशी, एकाच पत्र्यातून झालो, तरी घरात मला थोरली म्हणतात आणि तिला धाकटी.

आमच्या घरच्या आजी पद्मिनीबाई. त्यांच्या सासऱ्यांची रेल्वेत नागपूरहून रायपूरला बदली झाली, तेव्हा सासूबाईंनी आम्हाला मुद्दाम करवून घेतलं. वर्षभर माझ्या पोटात तांदूळ आणि धाकटीच्या पोटात गहू. पण भाद्रपद आला की आमचा थाट पाहावा! आम्हाला काठापदराची पातळं नेसवतात, झाकणावर पितळी मुखवटे बसवतात, आणि तीन दिवस आम्ही दोघी महालक्ष्म्या होतो. सगळं घर आमच्या पाया पडतं. चौथ्या दिवशी पुन्हा आम्ही साध्या कोठ्या. पद्मिनीबाईंचा मुलगा अनिमेष लहानपणी तर माझ्यावर चढून वरच्या फळीवरचे लाडू काढायचा. माझा पोचा ही त्याचीच कमाई. तेव्हा त्याला आईचा मार बसला आणि मला जन्माची खूण मिळाली.

या घरात आमचे काही नियम आहेत. कोठी तळापर्यंत कधी रिकामी करायची नाही, एक मूठ आत ठेवायचीच. भरली कोठी कोणाला दिली तर परत मागायची नाही. आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे वर्षभर लाल कापडात गुंडाळून माझ्या तांदळात निजवायचे. हा शेवटचा नियम फक्त बायकांना ठाऊक होता, कारण मुखवटे ठेवण्याचं काम पुरुष करत नाहीत. सगळा घोळ झाला तो इथेच.

अनिमेषला पुण्याला नोकरी लागली आणि रायपूरच्या समता कॉलनीतलं घर हलवायचं ठरलं. त्या दिवसापासून घराला स्वस्थता म्हणून राहिली नाही. पॅकर्सवाल्यांचा विशाल नावाचा माणूस येऊन खोल्याखोल्यांतून फिरून गेला. त्यानं सोफ्याची लांबी पाहिली, फ्रिजचं दार उघडून पाहिलं, आणि माझ्या झाकणावर टिचकी मारली. टण्ण! मला तो मुळीच आवडला नाही.

"इसमें अनाज है क्या? अनाज नहीं जाएगा, भैया. रास्ते में चूहे लगते हैं, बाकी सामान भी खराब होता है."

अनिमेषनं मान डोलावली. पद्मिनीबाईंनीही डोलावली. "धान्य रमाले देऊन टाकू," त्या म्हणाल्या. रमा म्हणजे घरी कामाला येणारी बाई. सगळं ठीक होतं, पण मला चैन पडेना. धान्य जाईल ते कळलं, पण माझ्या पोटातल्या त्या दोघी? त्यांचं काय ते कोणीच बोलेना. पद्मिनीबाईंच्या मनात पक्कं होतं की देव घरातून सगळ्यांत शेवटी हलतात. शेवटची खुर्ची बाहेर गेली की मुखवटे काढायचे आणि मांडीवर घेऊन गाडीत बसायचं. मनात पक्कं होतं, पण कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. त्यांना वाटलं, यात सांगायचं काय?

मग खोकी आली, पुठ्ठे आले, ते फोडफोड वाजणारं प्लास्टिक आलं. चिकटपट्टी ओढल्याचा तो चर्र चर्र आवाज ऐकून माझा पत्रा शहारत होता. कपबशा गेल्या, पडदे उतरले, भिंतीवर घड्याळाचा नुसता पांढरा गोल उरला. अनिमेषची मुलगी पूर्णिमा दर वस्तूपाशी उभी राहून विचारायची, "आजी, ये भी जाएगा क्या?" आणि आजी म्हणायची, "जाईल बाई, जाईल." ती माझ्यापाशी आली तेव्हा नेमकी शेजारच्यांनी पद्मिनीबाईंना ओटी भरायला बोलावलं. प्रश्न तसाच राहिला.

त्या तिकडे गेल्या आणि इकडे विशालनं घाई केली. त्याच्या माणसांनी धाकटीचे गहू पोत्यात ओतले, तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून उचललं. ती जाताना कुरकुरली. आम्ही कधी वेगळ्या झालो नव्हतो, मित्रांनो. मी हाक मारणार कशी? कोठीला तोंड असतं, माणसांना ऐकू जाईल असा आवाज नसतो.

माझ्यापाशी येऊन अनिमेष थबकला. मी भरलेली होते. ओतायला दुसरं पोतं नव्हतं. "रमा दीदी, तुम ये कोठी के साथ ही ले जाओ," तो म्हणाला. "पुणे में एक ही बहुत है."

एकच बहुत! मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की पोचा आतून दुखला. भाद्रपदात दोन महालक्ष्म्या बसतात एवढं लहानपणापासून पाहिलेला पोट्टा, आणि खोक्यांच्या गडबडीत साफ विसरला! रमानं मला ई-रिक्षात घातलं. ती राहते त्या भनपुरीपर्यंतचा रस्ता ट्रकांनी उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला पोटातल्या त्या दोघी एकमेकींवर आपटत होत्या आणि मी मनात म्हणत होते, परत फिरवा, कोणीतरी परत फिरवा.

मागे काय झालं ते मला धाकटीनं नंतर सांगितलं. ती दारातल्या ट्रकमध्ये गाद्यांच्या मागे दाबून बसली होती, पण कान घराकडे होते. पद्मिनीबाई नारळ-ओटी घेऊन परतल्या आणि स्वयंपाकघराचा रिकामा कोपरा पाहून भरल्या ओटीनिशी तशाच अनिमेषपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"काहून दिली रे तू? मले विचारलं का?"

"आई, तूच तर म्हणाली धान्य देऊन टाकू."

"धान्य म्हणाली मी! अरे, महालक्ष्म्या होत्या आत!"

तेवढ्यात अनिमेषचा फोन वाजला. रमाच होती. दुपारच्या भातासाठी तिनं माझ्या पोटात हात घातला होता, आणि कापडातून बोटांना लागलं ते नाक. "भैया, कोठी म देवी बइठे हे! मैं का करंव?"

मायलेक लगेच स्कूटरवरून आले. रमा माझ्यासमोर उदबत्ती लावून बसली होती, मुलांना जवळ फिरकू देत नव्हती. पद्मिनीबाईंनी कोपरापर्यंत हात घातला, लाल पुरचुंडी काढली, छातीशी धरली आणि रडल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

"अम्मा, कोठी घलो ले जाव," रमा म्हणाली. "मोला का करना हे."

मला वाटलं, कोठीपण घेऊन जा म्हणतेय, सुटले! पण पद्मिनीबाईंनी डोळे पुसले. "नाही रमा. भरी कोठी दे दी तो दे दी. हमारे में वापस नहीं लेते."

"आई, मग पुण्याले महालक्ष्म्या एकाच कोठीवर कशा बसवशील?" अनिमेषचा चेहरा उतरला होता.

त्यांनी माझ्या पोच्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "धाकटीले उतरव ट्रकातून."

"आई! ट्रक भरून झाला, ताडपत्री बांधली!"

"मंग सोडा ताडपत्री. जोडी तोडून मी घर नाही हलवत."

ट्रक भनपुरीच्या गोदामाकडे यायचाच होता. रमाच्या पाऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी तो थांबला. "अम्मा, वो तो सबसे पीछे दबी है," विशाल वैतागून म्हणाला, पण दोर सोडला. गाद्या निघाल्या, कपाट सरकलं, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माझी देखणी बहीण उताणी खाली आली. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. पद्मिनीबाईंनी तिचं प्लास्टिक सोडलं, माझ्यातले मूठभर तांदूळ तिच्या तळाशी टाकले, आम्हा दोघींना हळदीकुंकू लावलं आणि धाकटीलाही रमाच्या घरी माझ्याशेजारी ठेवलं. मग मुखवटे मांडीवर घेऊन त्या रेल्वेनं पुण्याला गेल्या.

तिथे आता ते मुखवटे नव्या लोखंडी स्टँडवर बसतात. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? भाद्रपदात माझा जीव अजून पुण्याकडे ओढ घेतो.

तर मित्रांनो, घर हलवताना जुन्या वस्तू खुशाल द्या. पण देण्याआधी झाकण उघडून आत हात घाला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. पॅकर्सवाल्यांना घाई असते, तुम्ही करू नका.

रमाच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ. महिनाअखेरीला तिचा हात माझ्या तळाला लागतो आणि पत्रा खरवडतो. तेव्हा ती थांबते, उरलेली एक मूठ तशीच ठेवते, आणि शेजारणीनं कोठी भरलेली आहे का विचारलं तर सांगते, "हव, भरे हे."