आधी विचारणारे सुळे

मी कवळी बोलतेय. आजोबा झोपताना पाण्याच्या वाटीत ठेवतात ती मी नव्हे. मी दोन लांब सुळ्यांची, सिनेमातल्या रक्तपिपासू सरदारासाठी बनवलेली कवळी. सध्या लालबागला एका स्टीलच्या डब्यात, बटणं आणि दोऱ्याच्या रिळांच्या सोबतीला असते. माझं बरं चाललंय.

माझा जन्म ठाकूरद्वारला, हेरंब दातवाल्यांच्या दुकानात झाला. म्हाताऱ्यांना भाकरी चावता यावी, यासाठी हेरंबांनी तीस वर्षं खर्ची घातली होती. सिनेमाचा माणूस म्हणाला, "दात नुसते दिसायला हवेत." हेरंबांना ते लागलं. "माझ्याकडचे दात चावतात," असं म्हणून त्यांनी माझ्या सुळ्यांना कानशीने अशी टोकं काढली की आंब्याच्या कोयीलाही भोक पडावं. पुढची सगळी भानगड त्या अभिमानातून झाली.

सिनेमा एका कादंबरीवर होता. ती गिरणगावातल्या वाचनालयांतून इतकी फिरली होती की पुठ्ठ्याला फोडणीचा वास यायचा. शंभर वर्षांचा, तरीही देखणा सरदार एका शिक्षिकेच्या प्रेमात पडतो. पण तिनं 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही आणि 'हो' म्हटल्याशिवाय तिच्या मानेला दात लावता येत नाही. बाई त्याला तीस पानं दारात उभा ठेवते. शाळेतून येते, चहा करते, वह्या तपासते. तो उभाच. लालबागच्या बायका नेमकी ही तीस पानं पुन्हा पुन्हा वाचायच्या. दहा बाय बाराच्या खोलीत विचारून कोण शिरतं?

सिनेमावाल्यांनी हीच पानं गाळली. "हीरो दारात उभा राहिला तर तो हीरो कसला?" दिग्दर्शक म्हणाले. त्यांचा सरदार खिडकीची काच फोडून यायचा आणि नायिका लगेच बेशुद्ध पडायची. शुद्धीवर असलेल्या नायिकेचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नसावं.

मी रघुवीर नावाच्या नटाच्या तोंडात असायचे. तोंडात राहिलं की माणसाबद्दल भ्रम उरत नाहीत. पडद्यावर शंभर वर्षं न झोपलेला हा गृहस्थ जेवण झालं की घोरायचा. माणूस वाईट नव्हता. पण सरदाराचा झगा चढवला की चहावाल्याकडेसुद्धा भुवई उंचावून बघायचा.

नायिकेचं काम करणाऱ्या मोठ्या नटीनं मानेला दात लावून घ्यायला साफ नकार दिला. तिला नकार देणं परवडत होतं. मग दुसरी मान शोधणं आलं. परळच्या त्या स्टुडिओत जेवणाचे डबे पोचवायला मालन यायची. तिचा नवरा जगदीश गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा. संपाला आठ महिने झाले होते आणि घर मालनच्या डब्यांवर चाललं होतं. दिग्दर्शकांनी डब्याआधी मान पाहिली.

चित्रीकरणाला जगदीश सोबत आला. परका माणूस बायकोच्या मानेला तोंड लावणार, तेव्हा नवरा स्टुलावर बसलेला असला की सगळं रीतसर होतं, अशी सर्वांची समजूत होती. मालनला कोणी काही विचारलं नव्हतं.

पहिल्याच चाव्याला मालन झटक्यात बाजूला झाली. मानेवर दोन लाल ठिपके उठले.

"वा, अगदी खरं दिसतंय," दिग्दर्शक म्हणाले. "आता मान आपणहून मागे टाका. सुख झाल्यासारखी."

"टोचलंय मला. सुख कसलं?"

"बाई, प्रेम आहे ते."

"पुस्तक वाचलंय मी. त्यात तो आधी विचारतो."

"पडद्यावर तुमची फक्त मान दिसणार. आवाज आपण घेतच नाही."

"मला ऐकू येईल ना," मालन म्हणाली आणि पुठ्ठ्याच्या थडग्यावर जाऊन बसली.

दिवे तापत राहिले. दिग्दर्शक जगदीशकडे वळले. "अहो, तुम्ही सांगा तिला."

जगदीश थडग्यापाशी आला. "मालन, हे काम जाईल. उद्या डबेही नको म्हणतील."

"म्हणू देत. तुम्ही आठ महिने घरी कशाला बसलाय?"

 मग गिरणीच्या गेटवरच्या सभेत विचारावं तसं जगदीशनं विचारलं, "मागण्या काय आहेत?"

"दोन. दात बोथट करायचे. आणि आधी विचारायचं."

"रास्त आहेत," जगदीशनं दिग्दर्शकांना सांगितलं. स्टूल उचलून त्यानं मालनजवळ ठेवलं आणि स्वतः उभा राहिला.

मला ठाकूरद्वारला पाठवलं. "बोथट? मग पेशंट जेवणार काय?" हेरंब म्हणाले आणि सुतकी चेहऱ्यानं त्यांनी माझी टोकं घासली.

दुसऱ्या दिवशी रघुवीर भुवई उंचावून पुढे आला. पण मी तोंडात असले की त्याला लाळ सुटायची, शब्द धड निघेनात. शेवटी त्यानं मला काढून तळहातावर घेतलं. सुळ्यांवाचून सरदार पोस्टातल्या कारकुनासारखा दिसत होता.

"मालनबाई, चालेल का?"

"नाही."

दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं. रघुवीर उभा राहिला. दात हातात घेऊन थांबलेला पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आता?"

"थांबा जरा." तिनं पदर सारखा केला, केस मागे घेतले, जगदीशकडे एकदा पाहिलं. "हं. या."

मी पुन्हा तोंडात गेले. कॅमेरा सुरू झाला. मानेपाशी पोचल्यावर रघुवीर आपणहून पुन्हा थांबला. ती मान जागची हलली नाही. मग सावकाश, तिच्या मनात आलं तेव्हा, मागे झुकली. मी तिथे नुसती टेकले.

शेवटच्या दिवशी मालननं मला मागून घेतलं. "मला चावलेत, माझ्याकडेच राहतील." डबेही चालू राहिले. दिग्दर्शकांना तिच्या हातची आमटी आवडायची.

सिनेमा आला तेव्हा मी तिच्या बटव्यात बसून दुपारचा खेळ ऐकला. काच फुटली, नायिका बेशुद्ध पडली, आणि शेजारच्या पुतळाबाई म्हणाल्या, "मेल्यांनी पुस्तकाची वाट लावली." पुरुष चिवडा खात होते. मग पडद्यावर मालनची मान आली आणि चिवड्याची कुरकुर थांबली.

"गो मालन, ही बेशुद्ध नाय," पुतळाबाई हळूच म्हणाल्या. "ही तेका थांबवतेय."

तीस पानांपैकी अर्धं पान तेवढं पडद्यावर पोचलं होतं. बायकांनी ते ओळखलं. सिनेमा दोन आठवड्यांत उतरला. संप त्याहून पुष्कळ टिकला, पण जगदीशची गिरणी उघडली नाही. मालन स्वयंपाक करत राहिली आणि डबे जगदीश पोचवू लागला.

आता मालनची नात मोबाइलवर नवे सरदार पाहते. ते फार गोरे असतात आणि मुलीनं कुठे जायचं, कोणाशी बोलायचं, हे तेच ठरवतात.

"हा विचारतो का गं तिला?" मालन विचारते.

"आजी, तो तिच्यावर प्रेम करतो."

"तेच विचारतेय मी." मग ती डबा उघडून मला नातीच्या हातावर ठेवते. माझी टोकं किती गुळगुळीत आहेत, ते नात अंगठ्यानं चाचपून बघते.

माझं मागणं फार नाही. तुमच्या तोंडात दात कसलेही असोत, आधी ते हातात घेऊन एकदा विचारत जा. दात काही पळून जात नाहीत.

हे बघा, जगदीश भाजी घेऊन आला. त्यालाही आता कवळी आहे, साधी, भाकरीची. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तो विचारतोय, "मालन, आत येऊ?"

"थांबा जरा. लादी ओली आहे."

तो पिशवी घेऊन उभा आहे. हसतोय.