पडवीतली बशी

मलकाबाई रोहेकरांना रागवायला कारण लागत नसे. पण १९६४च्या त्या दुपारी कारण मिळालं, आणि तेही थेट इस्राएलहून. मुलीची मुलगी एस्तेर, तिचं पत्र आलं होतं. एस्तेरचं लग्न ठरलं होतं. मुलगा मोरोक्कोकडच्या ज्यू घरातला, कामाधंद्याला लागलेला. सगळं सुरळीत चाललं असताना लग्न नोंदवणारा तिथला धर्मगुरू आडवा आला. म्हणाला, हिंदुस्थानातून आलेले हे बेने इस्राएल खरे ज्यू कशावरून? मुलीची आई, आजी, पणजी, जितकं मागं जाता येईल तितकं दाखवा. गावातल्या जाणत्या ज्यूचं सहीचं पत्र आणा, नाहीतर लग्न लागणार नाही.

एस्तेरनं पुढं लिहिलं होतं, "आजी, आपले लोक धर्मगुरूंच्या कचेरीसमोर ठाण मांडून बसलेत. मीही बसते. हातात पाटी असते, तिच्यावर लिहिलंय, सगळे ज्यू सारखे. पण पत्र लवकर पाठव. मुलाकडचे दोन महिने थांबतो म्हणालेत."

मलकाबाईंनी हे सबंध आळीला ऐकवलं. कातडी सावळी म्हणून आम्ही कमअस्सल काय, असं त्यांनी शेजारच्या धोंडुबाईला विचारलं. शनिवारी घाण्याला बैल जुंपला नाही म्हणून ज्यांना सारं कोकण शनिवार तेली म्हणतं, त्यांच्याकडं पुरावा मागायचा? बोलणं शंभर टक्के खरं होतं. फक्त बोलणाऱ्या बाई जरा चुकीच्या होत्या.

कारण रोह्यात आता ज्यूंची दोनच घरं उरली होती. एक मलकाबाईंचं, ते गोऱ्या इस्राएलांचं. दुसरं निवृत्त शिक्षक एलोजी मास्तरांचं, ते काळ्या इस्राएलांचं. यात रंगाचा काही संबंध नव्हता, मास्तर मलकाबाईंपेक्षा चांगले दोन छटा उजळ होते. त्यांच्या कुळात कधीकाळी कुणी बाई बाहेरून आली, असं गोऱ्यांनी ठरवून टाकलं होतं, बस. मग यांच्याशी सोयरीक नाही आणि एका ताटात जेवण नाही.

मलकाबाईंकडं नवस फेडायचा मलिदा असे. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं पितळी ताटात रचून एलियाहू नबीचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी त्याच ताटातून खायचं. धोंडुबाई हिंदू, तिलाही मोठ्या ताटातून मिळे. मास्तरांना मात्र पडवीत बसवून निळ्या काठाच्या चिनी बशीत देत. ती बशी पडवीच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. चाळीस वर्षं.

मलकाबाईंनी सहीसाठी आधी पेणला निरोप धाडला. तिथले ओळखीचे केव्हाच मुंबईमार्गे इस्राएलला गेले होते. शेवटी बाई चांगलं लुगडं नेसून मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या.

मास्तरांनी लाल पेन्सिल कानावर ठेवली आणि पत्र वाचलं. पाटीवरची ओळ मोठ्यानं वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि पोरीचं अक्षर छान आहे म्हणाले. मलकाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गरज त्यांची होती.

"सहीला ना नाय," मास्तर म्हणाले. "पण खोटं लिहिणार नाय. तुमची आजी मी कुठं पाहिली? चौकशी करावी लागंल."

बाईंचं माहेर निडीचं, आजोळही तिथंच. मास्तर सायकलवर टांग टाकून निडीला जाऊन आले, एकदा नाही, चार वेळा. आठव्या दिवशी मास्तर हैबतराव नावाच्या म्हाताऱ्या भातशेतकऱ्याची हकिकत घेऊन आले. हैबतरावांच्या आजोबांचं लग्न शनिवारी संध्याकाळी होतं आणि ऐनवेळी दिव्यांचं तेल संपलं. माणसं घाण्यावर धावली. मलकाबाईंची आईकडची आजी दारात बसलेली. म्हणाली, शनिवार संपलेला नाय, आभाळात तीन चांदण्या दिसल्याबिगर तेल देणार नाय. त्यात वळवाचं आभाळ भरलेलं. वऱ्हाड अंधारात जेवलं आणि व्याह्यानं वरणाऐवजी गुळवणी भातावर ओतून घेतलं. हैबतरावांच्या घरात तो राग अजून जागा होता.

"तीन पिढ्या राग धरलाय," मास्तर म्हणाले. "यापेक्षा मोठा पुरावा त्या धर्मगुरूला कुठं मिळणार?"

मलकाबाईंचा जीव भांड्यात पडला. करा सही, त्या म्हणाल्या. मास्तरांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"सही ज्यूची पायजे असं लिहिलंय. मी हाय का?"

मलकाबाई लुगड्याचा पदर सारखा करू लागल्या.

"तो धर्मगुरू विचारील, हा साक्षीदार कोण? ते तुम्ही लिहून द्या. मग मी तुमचं लिहितो."

मलकाबाईंनी तिथंच बसून लिहिलं की एलोजी मास्तर सज्जन गृहस्थ असून त्यांची कुणाशी भांडणं नाहीत. मास्तरांनी लाल पेन्सिलीनं खाली शेरा मारला, हा चालचलणुकीचा दाखला झाला, आणि दहापैकी दोन गुण दिले. दुसऱ्या खेपेला बाईंनी ते शनिवार पाळतात हेही घातलं. चार गुण मिळाले.

तिसरा कोरा कागद घेऊन त्या तणतणत घरी आल्या आणि पडवीत बसल्या. समोर कोनाड्यात बशी होती. खूप वर्षांपूर्वी मास्तरांची बायको हन्ना एका मलिद्याला तान्हं मूल कडेवर घेऊन आली होती. खाऊन झाल्यावर तिनं बशी स्वच्छ धुऊन परत ठेवली. मलकाबाईंनी ती हन्नाच्या देखत उचलली आणि पुन्हा धुतली. हन्ना मूल सावरत पायऱ्या उतरून गेली. आता तर ती जगातही नव्हती. मलकाबाईंना लाज वाटली. एस्तेरचा धर्मगुरू आपल्याच पडवीत शिकून गेला असावा, असं त्यांना वाटलं.

त्यांनी लिहिलं, "एलोजी आमच्यातलाच आहे. त्याच्यात आणि माझ्यात कसलाही फरक नाही. आम्ही फरक केला, ती आमची चूक होती."

मास्तरांनी कागद वाचला, बराच वेळ वाचला. गुण द्यायचे राहून गेले. त्यांनी मलकाबाईंच्या घराण्याचा दाखला लिहून सही केली आणि दोन्ही कागद रजिस्टर टपालानं रवाना केले.

दीड महिन्यानं तार आली, लग्न लागलं. मलकाबाईंनी मलिद्याचा नवस फेडायला घेतला. प्रार्थना म्हणायला मास्तरांशिवाय कुणी उरलंच नव्हतं. मास्तरांनी ती खणखणीत म्हटली आणि सवयीनं उठून पडवीत जाऊन बसले. सवयीनं, की मुद्दाम, ते त्यांनाच ठाऊक.

"आत या, ताट आत हाय," मलकाबाई म्हणाल्या.

"माझी बशी?"

"फुटली."

मास्तरांनी कोनाड्याकडं बोट दाखवलं. बशी तिथं धडधाकट उभी होती. मलकाबाई बाहेर आल्या, त्यांनी बशी उचलली आणि अंगणातल्या घाण्याच्या जुन्या दगडावर आपटली.

"आता फुटली," त्या म्हणाल्या. "चला, पोहे मऊ पडतायत."